झडती घ्या वऱ्हाडीची!

'ळ'चा 'य' होतो, विहिरीची इहीर होते, टमाट्याचे भेदरे होतात. अमरावती-अकोल्याच्या बोलीतली ही गंमत फक्त हसून सोडून द्यायची नाही. या हसण्यामागं सातशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पुढं न्यायचा की नाही हे आता तुमच्या हातात आहे.

पुण्यात शिकायला जाणाऱ्या वऱ्हाडी पोट्ट्यांसाठी पहिली सूचना : रूम पार्टनरचा फोन आला आणि तुम्ही रिक्षात असाल, तर 'येऊन राह्यलो' असं म्हणू नका. तो दार उघडून जिन्यात पाहील, गॅलरीतून खाली पाहील आणि मग विचारेल, 'आलास, तर राहिलास कुठे?' त्याच्या मराठीत येणं वेगळं आणि राहणं वेगळं. तुमच्या मराठीत मात्र माणूस जेवून राह्यते, झोपून राह्यते, अभ्यास करून राह्यते (हे क्वचित), आणि यातलं काहीही करताना तो कुठंही राहायला गेलेला नसतो.

दुसरी सूचना : इंटरव्ह्यूत साहेबांनी 'तुम्हाला ही नोकरी हवी आहे ना?' असं विचारलं, तर 'हाव' म्हणू नका. आपल्याकडं तो साधा होकार आहे. साहेबांच्या मराठीत ती लोभाची कबुली आहे.

तिसरी सूचना अशी, की वरच्या दोन्ही सूचना पाळू नका. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

'ळ' हरपला, कोटी सापडली

कोणाला वाटेल, वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी. तसं नाही. तिचे नियम आहेत आणि ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर उतरले आहेत. ग्रिअरसनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो मराठीचा. बोलींचे नमुने गोळा करताना या सर्वेक्षणानं सगळीकडं एकच गोष्ट सांगायला लावली होती : बायबलमधल्या उधळ्या मुलाची. बापाकडून वाटणी मागून घेणारा, सगळे पैसे उडवणारा आणि रिकाम्या खिशानं घरी परतणारा हा पोट्टा त्या खंडात वऱ्हाडीतही बोलतो. महिनाअखेरीस हॉस्टेलवरून घरी फोन लावणाऱ्यांना तो जवळचा वाटायला हरकत नाही.

आता नियम पाहा. 'ळ'चा होतो 'य'. केळं झालं केयं, डोळा झाला डोया, शाळा झाली शाया. टोंगळा म्हणजे गुडघा, त्याचा झाला टोंगया. शब्दाच्या सुरुवातीचा 'वि' होतो 'इ'. विहीर झाली इहीर, विस्तव झाला इस्तो, विचार झाला इचार, वीज झाली ईज. बिचाऱ्या विळ्याला दोन्ही नियम एकदम लागले. पुढून 'व' गेला, मागून 'ळ' गेला, हातात उरला 'इया'. ज्यानं दुसऱ्याला कापायचं, त्यालाच भाषेनं दोन्हीकडून कापलं.

खरी मजा पुढं आहे. एक आवाज बदलला, की आधी वेगवेगळे असलेले शब्द एकमेकांना येऊन धडकतात. कोटी करायला इतरांना डोकं चालवावं लागतं. वऱ्हाडीत ती घरबसल्या होते. 'काळ'चा 'काय' झाला, आणि 'काय' तर आधीपासून घरात होताच. म्हणून आबाजी ओसरीवर बसून म्हणाले, 'लय वाईट काय आला', तर नातवानं 'काय आला?' असं विचारू नये. आबाजी परत तेच सांगतील, आणि संध्याकाळपर्यंत दोघं तिथंच बसून राहतील.

किंवा 'माया' हा शब्द घ्या. माया म्हणजे ममता, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत. वऱ्हाडीत 'माझ्या'चंही 'माया' होतं (काही गावांत 'माह्या'). आणि गळ्यातल्या 'माळा'? त्याही 'माया'च. त्यामुळं 'माया मायच्या माया' हे पूर्ण, अर्थपूर्ण आणि व्याकरणाला धरून असलेलं बोलणं आहे : माझ्या आईच्या माळा. आणि त्या माळा मोडून तिनं तुमची फी भरली असेल, तर ती तिची माया.

अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या एका संग्रहाचं नाव 'काया मातीत'. बाहेरच्या वाचकाच्या मनात आधी देह येतो, मातीत मिळालेला. वऱ्हाडी वाचकाला काळी माती दिसते. शेतकऱ्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरेच आहेत. या बोलीत हसू आणि हुंदका एकाच शब्दात कसे मावतात, ते या दोन शब्दांवरून कळतं.

पाव किलो भेदरे अन् एक जुडी सांबार

उच्चार सोडा, काही शब्दच असे आहेत की ते मनमाडच्या पलीकडं गेले की गोंधळ घालतात. आपल्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी त्याच सांबाराची. पुण्याच्या मंडईत 'एक जुडी सांबार द्या' म्हटलं, तर भाजीवाला तुम्हाला उडप्याचं हॉटेल दाखवतो. टमाट्याला आपण म्हणतो भेदरं. भेदरणं म्हणजे घाबरणं. 'पाव किलो भेदरे द्या' ऐकून आधी कोण भेदरतं, हे भाजीवाल्याच्या स्वभावावर आहे.

वावर हा शब्द तर दोन पिढ्यांच्या मधोमध उभा आहे. बापाच्या तोंडी वावर म्हणजे शेत. पोराच्या निबंधात 'सोशल मीडियावरचा वावर'. बापाचा दिवस वावरात जाते, पोराचा वावरण्यात. ट्रॅक्टरच्या मागं लिहिलेलं 'वावर हाय तं पावर हाय' तुम्ही वाचलंच असेल. ही पाटी लिहिणाऱ्यानं अलंकाराचा धडा शिकला होता की नाही, कोणास ठाऊक. यमक मात्र पक्कं बसलं आहे.

आणि शिव्या? आपल्या निम्म्या शिव्या शिव्या नाहीतच. बह्याड, भैताड, हेकोडा, फोकनाड्या. बह्याड आणि भैताड हे वेडगळपणाचे दोन दर्जे आहेत, त्यातला वरचा कोणता यावर मित्रांत वाद होऊ शकतो. हेकोडा म्हणजे सरळ सांगितलं तर वाकडं करणारा. फोकनाड्या म्हणजे हवेत इमले बांधणारा, निवडणुकीच्या हंगामात तो जास्त दिसतो. यातला कुठलाही शब्द आईनं वापरला, तर पाठीवर धपाटा आणि ताटात पोयी, दोन्ही मिळणार हे नक्की समजा.

झडती : बैलासमोर घेतलेली, सरकारची

प्रमाण मराठीत झडती पोलीस घेतात. वऱ्हाडात झडती शेतकरी घेतो, तीही पोळ्याच्या दिवशी, गावासमोर, बैलाच्या साक्षीनं.

गावातला पोळा पाहिला नसेल, तर एकदा पाहाच. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं रीतसर आवतण देतात. बैल कधी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला धुऊन, शिंगं रंगवून, झूल पांघरून गावाबाहेर आणतात. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली जोड्या रांगेत उभ्या राहतात. मग एकेक जण पुढं होतो आणि झडती म्हणतो. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या चार-दोन ओळी, शेवटी महादेवाचा गजर. एकानं म्हटली की दुसरा तिच्यावर कडी करतो. काही झडत्या परंपरेनं आलेल्या असतात, काही सकाळीच रचलेल्या. महादेव-पार्वतीला नमन करत सुरू झालेलं बोलणं बघता बघता कापसाच्या भावावर, सोसायटीच्या कर्जावर, सरपंचावर आणि मुंबईतल्या मंत्र्यावर येऊन पोचतं. अर्थ जुळला नाही तरी चालतो, यमक जुळलं पाहिजे. आणि यमक जुळलं की अर्थ कुठून तरी मागून धावत येतोच.

उदाहरण म्हणून एक झडती, या लेखापुरती नवी रचलेली :

पऱ्हाटीले बोंडं लागली, बोंडात घुसली अयी,
बँकवाला म्हणे आता अयीचीच आण सयी!

(अयी म्हणजे अळी, सयी म्हणजे सही.) वाचून हसू येतं. आता आठवा, २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाचं काय केलं होतं. पंचनामे, अर्ज, कागदावर कागद. अळीची सही मागणारा बँकवाला कल्पनेतला आहे, पण ज्यानं ते कागद गोळा केले त्याला तो फारसा खोटा वाटणार नाही. झडतीचं काम हेच. भाषण करून जे बोलता येत नाही, तक्रार करून ज्याची दखल घेतली जात नाही, ते विनोदात घालून चारचौघांत मोठ्यानं बोलायचं. ज्याच्यावर बोललं तोही तिथंच उभा असतो, आणि त्याला हसावंच लागतं.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. कधी थांबून विचार केलाय? सोनं मऊ असतं. सोन्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड तुटत नाही. मग ती घेऊन काय करायचं? विकायची. कोणाला? जो भाव ठरवेल त्याला. कापसाची सगळी गोष्ट या यमकात आली. म्हण करणाऱ्यांनी बहुधा कौतुकच केलं होतं, टोमणा आपोआप निघाला.

कारल्याला फळ लागेपर्यंत

पुरुषांसाठी झडती, तशी मुलींसाठी भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गाणी, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा खेळ. ही गाणी मोठ्या माणसासारखी अर्थ लावत ऐकली, तर डोकं धरायची वेळ येते. एका वस्तूवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी साखळी कुठंही जाते.

पण त्यातलं एक गाणं नीट ऐका. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. आता वेल येऊ दे. वेल आला. आता फूल येऊ दे. मग कारलं लागू दे, मग भाजी होऊ दे, अशी अट संपतच नाही. मुली हे टाळ्या वाजवत, हसत म्हणतात. ऐकताना सासू गमतीशीर वाटते. पण ज्या बायकांनी हे गाणं रचलं, त्यांना माहेरची वाट खरंच अशी कारल्याच्या वेलासारखी लांबत जाताना दिसली असणार. 'मला जाऊ द्या' असं थेट म्हणायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी ते खेळात म्हटलं, आणि ज्या सासूबद्दल ते होतं तिच्याच अंगणात म्हटलं.

कुठल्याही ऑफिसात दाखल्यासाठी तिसऱ्यांदा गेला असाल, तर हे गाणं तुमचंही आहे.

रिद्धपूरचे राऊळ

झडत्या आणि भुलाबाईची गाणी तोंडातोंडी आली. पण अशा बोलण्याची लेखी नोंदही आपल्याच जिल्ह्यात झाली आहे, तीही तेराव्या शतकात. त्यासाठी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला चला.

तिथं गोविंदप्रभू राहायचे. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. ते चक्रधरस्वामींचे गुरू, महानुभाव पंथ त्यांना अवतार मानतो. त्यांच्या लीळा वाचताना आजचा वाचक चकित होतो. ते स्वतःशीच बोलतात. एखादी गोष्ट करायची म्हणतात आणि लगेच करायची नाही म्हणतात, दोन्ही एकाच दमात. मूर्तीशी भांडतात, दगडांशी खेळतात. वाटेल त्या घरात शिरून जेवतात, जात विचारत नाहीत. गाव त्यांना वेडं म्हणायचं. तेच गाव अडचणीत त्यांना मायबापही म्हणायचं. ज्या काळात कोणाच्या घरचं पाणी चालतं आणि कोणाचं नाही याचे नियम दगडासारखे होते, त्या काळात हे 'वेड' सगळे नियम हसत हसत ओलांडून जात होतं. शहाण्या माणसाला जे जमलं नसतं, ते या वेडाला जमलं.

आणि हे सगळं कोणी लिहून ठेवलं? म्हाइंभट नावाच्या मोठ्या पंडितानं. संस्कृतात वाद घालणारा हा विद्वान पंथात आल्यावर चक्रधरांच्या आठवणी गोळा करायला निघाला. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं, त्याच्याकडं स्वतः जाऊन विचारलं. कोणी काय सांगितलं, दुसऱ्यानं तेच वेगळं कसं सांगितलं, तेही नोंदवलं. त्यातून १२७८ च्या सुमारास रिद्धपूरला 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. गोविंदप्रभूंच्या लीळाही त्यानंतर अशाच लिहिल्या गेल्या, त्यांच्या बोलण्याच्या सवयींसकट. कोणी त्या सुधारून 'शुद्ध' केल्या नाहीत.

याच पंथातली आणखी एक गोष्ट. केसोबास संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, कारण संस्कृतात लिहिलं तर आपल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. भाषा कोणती निवडायची, याचं याहून चांगलं कारण शोधून सापडायचं नाही. राज्यातलं पहिलं मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये याच रिद्धपूरला सुरू झालं, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तो दर्जा मिळवून देणाऱ्या जुन्या ग्रंथांत आपल्या गावाचा वाटा आहे, हे पुढच्या वेळी कोणी तुमच्या 'मले-तुले'ला हसलं की आठवा.

तुमच्या पदवीवर ज्यांचं नाव आहे

राऊळांनंतर सहाशे वर्षांनी याच जिल्ह्यात आणखी एक माणूस जन्मला, ज्याला पाहून लोकांना आधी वेडाच वाटावा. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडं. शाळा नाही. गावात यायचे, आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, अस्सल वऱ्हाडीत.

बाबांचं कीर्तन म्हणजे लोकांना प्रश्न विचारणं. प्रश्न इतका भोळा, की समोरची दहा हजार माणसं एका आवाजात उत्तर द्यायची. मग दुसरा प्रश्न, तिसरा. आणि चौथ्या प्रश्नाला लोकांच्या लक्षात यायचं, की आपणच दिलेल्या उत्तरांनी आपण स्वतःला कोंडीत पकडलंय. पूजेनं बुडालेली नाव वर येते, असं लोक मानत. बाबा म्हणायचे, मग युद्धात एवढ्या मोठाल्या आगबोटी बुडाल्या, घाला पूजा आणि काढा वर. हसता हसता श्रद्धेतला फोलपणा उघडा पडायचा. त्यात कुठंही 'मी शहाणा, तुम्ही अडाणी' हा सूर नव्हता, कारण बाबा अडाणीपण स्वतःकडं घेऊन बोलायचे.

याला तर्कशास्त्रात मोठं नाव आहे : समोरच्याचं म्हणणं खरं धरून ते टोकापर्यंत नेणं आणि तिथं ते कसं कोसळतं ते दाखवणं. तुम्ही ते पाठ्यपुस्तकात शिकता. बाबांनी ते 'काऊन बाप्पा?' एवढ्यावर भागवलं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांचं निधन झालं. १९८३ मध्ये स्थापन झालेलं अमरावती विद्यापीठ आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, या पाचही जिल्ह्यांतल्या पदव्यांवर शाळेत न गेलेल्या एका वऱ्हाडी माणसाचं नाव छापलेलं असतं. याहून मोठी कोटी बाबांनाही सुचली नसती.

कोटी कोटी गेली?

कोटीचा विषय निघालाच आहे तर. मराठीत कोटी म्हणजे शब्दांचा खेळ, आणि कोटी म्हणजे शंभर लाख. वऱ्हाडीत 'कुठे'ला 'कोठी' म्हणतात, आणि घाईत त्याचंही 'कोटी' होतं. त्यामुळं विदर्भाच्या अनुशेषावर १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आजवर जेवढी चर्चा झाली, ती एका वाक्यात बसते : 'निधीचे कोटी कोटी गेले?'

मराठीत कोटीला प्रतिष्ठा मिळवून देणारा लेखकही वऱ्हाडातच वकिली करत होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. खामगाव, जळगाव जामोद अशा गावांत राहून त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट रूढींची, ढोंगांची अशी काही टर उडवतं, की मराठी विनोदी लेखनाची सुरुवातच तिथून मोजतात. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. म्हणजे पुण्या-मुंबईत ज्या विनोदाला पुढं टाळ्या मिळाल्या, त्याची एक मुळी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका वकिलाच्या बैठकीत आहे. कोल्हटकरांची भाषा मात्र ग्रंथातली होती. बोली मंचावर आणली ती पुढच्या लोकांनी. यवतमाळचे शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग वऱ्हाडीत करायचे. कविसंमेलनांत विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी कविता गावोगाव पोचवली. आणि आज टीव्हीवर भारत गणेशपुरे तोंड उघडतात, की सगळ्या महाराष्ट्राला कळतं, गडी वऱ्हाडचा आहे.

हसते कोण, अन् कोणाले?

इथं जरा थांबू. कारण एक गडबड आहे.

झडतीत शेतकरी मंत्र्याला हसतो. भुलाबाईत सून सासूला हसते. कीर्तनात बाबा अंधश्रद्धेला हसतात. म्हणजे आपल्या विनोदात खालचा माणूस वरच्याला हसत आला आहे. आता मालिका आणि रील उघडा. वऱ्हाडी बोलणारा कोण असतो? वॉचमन, गडी, गावाकडून आलेला भोळा पाहुणा. त्यानं 'मले' म्हटलं की मागून हशा वाजतो. विनोद त्याच्या बोलण्यात नसतो, त्याचं बोलणंच विनोद मानलेलं असतं. बाण तोच आहे, फक्त उलटा फिरलाय.

याचा परिणाम तुम्हाला रोज दिसतो. पुण्याच्या गाडीत भुसावळपर्यंत 'मले' म्हणणारा मनमाडनंतर 'मला' म्हणतो, आणि दौंड गेलं की गप्पच बसतो. वर्गात शंका विचारायची असते, पण आधी मनात वाक्य भाषांतरित करावं लागतं. तोवर सर पुढच्या पानावर गेलेले असतात. प्रमाण मराठी यायलाच हवी, त्यात वाद नाही. इंग्रजीही यावी. पण नवी भाषा शिकणं वेगळं आणि जुनीची लाज वाटणं वेगळं. पहिल्यानं माणूस वाढतो. दुसऱ्यानं तो अर्धा होतो.

वऱ्हाडी फक्त हसवण्यासाठी आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या हातात उद्धव शेळके यांची 'धग' द्या. १९६० ची कादंबरी. त्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते, संसारासाठी अखेरपर्यंत झगडते, आणि तिच्या एकाही वाक्याला कोणी हसत नाही. गो. नी. दांडेकरांची 'पूर्णामायची लेकरं' वाचा. दांडेकर परतवाड्याचे, काही काळ गाडगेबाबांच्या सोबत फिरलेले. जी बोली झडती म्हणते, तीच बोली दुःखही तितक्याच ताकदीनं सांगते.

आणि शब्द आपोआप टिकत नाहीत. काम गेलं की शब्द जातो. तिफन, वखर, डवरा, कासरा : वावरात ट्रॅक्टर आला, आता हे शब्द कोणाच्या तोंडात राहतील? बैलच नसेल तर पोळ्यात झडती कोणासमोर म्हणायची? बैल परत आणणं तुमच्या हातात नसेल. शब्द वाचवणं मात्र आहे, आणि त्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ते वापरत राहणं, नव्या गोष्टींसाठी, नव्या विनोदांसाठी. मेसच्या जेवणावर एक झडती रचायला पंचांग लागत नाही :

मेसच्या वरणात डाय शोधाले गेलो,
पोहता नाही येत, म्हून काठावरून आलो!

चौकट : या सुट्टीत एवढं करा

▪ आजी-आबाजींजवळ बसा आणि फोनचा रेकॉर्डर चालू करा. म्हाइंभटांनी हेच केलं होतं, बॅटरीशिवाय. गावाचं नाव, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख नक्की बोलून ठेवा. दोघांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली, तर दोन्ही ठेवा.

▪ वीस शब्द गोळा करा, जे तुमच्या आईला माहीत आहेत आणि तुम्हाला नाहीत. शेतीची अवजारं, स्वयंपाकघरातली भांडी, नात्यांची नावं आणि लाडाच्या शिव्या, इथून सुरुवात करा. शिव्यांना सगळ्यात जास्त उत्साहानं उत्तरं मिळतात.

▪ प्रत्येक शब्द एका वाक्यात वापरून लिहा. नुसता अर्थ लिहिला तर शब्द वहीत पडून राहतो. वाक्यात घातला तर चालू लागतो.

▪ गॅदरिंगमध्ये मिमिक्रीऐवजी झडतीची स्पर्धा ठेवा. नियम तीन : यमक पाहिजे, वऱ्हाडी पाहिजे आणि नेम आपल्यापेक्षा वरच्यावर पाहिजे. प्राचार्य चालतील. कॅन्टीनवाला नको, तो आपलाच आहे.

▪ आणि फोनवर कोणी 'कुठे आहेस?' विचारलं, तर बिनधास्त सांगा : 'येऊन राह्यलो.' समोरच्याला समजलं नाही तर समजावून सांगा. तोवर तुम्ही पोचलेले असाल.